शेजाऱ्याशी जमिनीची अदलाबदल केलीत? कर काढताना या चुका टाळा

"पैसे कुठे हातात आले? मग कर कसला?" हे वाक्य ऐकलं की मी आधी दस्त मागतो. प्राप्तिकर कायद्यात हस्तांतरण म्हणजे नुसती विक्री नव्हे, अदलाबदलही त्यातच येते. दिलेला तुकडा त्या दिवशी विकला गेला, आणि मिळालेल्या तुकड्याचा बाजारभाव हाच तुमचा मोबदला. वर रोख मिळाली असेल तर तीही धरा.

सगळ्यात महागात पडते ती नव्या जमिनीची किंमत. दोन शेजाऱ्यांनी एनए (बिगरशेती) प्लॉट बदलले. दोन्ही साधारण २० लाखांचे. त्यातल्या एकाचा मूळ प्लॉट ३ लाखांचा. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये त्याने काहीच दाखवलं नाही. चार वर्षांनी नवा प्लॉट २६ लाखांना विकला, तेव्हा कुणा हुशाराने खरेदी किंमत ३ लाखच लावून दिली. खरं तर ती २० लाख, म्हणजे नफा ६ लाखांचाच. पण २० म्हणायचं तर अदलाबदलीच्या वर्षातला १७ लाखांचा नफा कुठे गेला, हा प्रश्न आलाच. शेवटी त्या वर्षाचा कर व्याजासकट भरावा लागला. दोन मिनिटांत हिशोब उरकणाऱ्यांचं हे असंच होतं.

माझी सवय सांगतो. दस्त नोंदवला त्याच दिवशी एका कागदावर दोन्ही जमिनींचा रेडी रेकनर दर (सरकारने ठरवलेला जमिनीचा भाव), वरची रोख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी लिहून तो दस्ताला टाचून ठेवायचा. मुद्रांकाचा तुमचा वाटा नव्या जमिनीच्या किमतीत मिळवता येतो, पावती असेल तर.

तारखेतही घोळ होतो. नवी जमीन विकताना नफा दीर्घ मुदतीचा ठरायला लागणारे २४ महिने अदलाबदलीपासून मोजायचे, आजोबांच्या सातबाऱ्यापासून नव्हे.

वडिलोपार्जित जमीन दिली असेल तर मूळ किंमत शून्य धरू नका. १ एप्रिल २००१ चा बाजारभाव घेता येतो, मात्र त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याची (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या किमतीची) माहिती असेल तर त्याहून जास्त नाही. त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल घ्या. गावातल्या जाणत्याचा अंदाज चालत नाही.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीला निवासी व्यक्तीने १२.५ टक्के आणि महागाई निर्देशांकासह (म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के असे दोन्ही हिशोब करून कमी कर भरावा. आता बदलून घेतलेल्या जमिनीला ही सोय नाही.

ग्रामीण शेतजमिनीवर हा कर नाही, हे खरं. पण ग्रामीण कोणती? नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं अंतर लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर धरतात, आणि तेही सरळ हवाई. मोटारसायकलचा काटा दाखवून कुणी ऐकत नाही.

आणि शेतजमिनीच्या ताब्याचे वाद अदलाबदलीने मिटवण्यासाठीच्या राज्याच्या सलोखा योजनेत १,००० रुपये मुद्रांक आणि १,००० रुपये नोंदणी फीत दस्त झाला म्हणून प्राप्तिकरही माफ, असं समजणारे दर वर्षी भेटतात. ती सवलत राज्याची, प्राप्तिकर केंद्राचा.