समुद्री बदकं का कमी झाली हे शोधताय? मग या चुका टाळा

स्पेक्टॅकल्ड आयडर या समुद्री बदकाच्या घटीवर थिसिस करायचाय म्हणून जे कोणी मला ड्राफ्ट पाठवतात त्यातल्या बहुतेकांचा आरोपी पहिल्या पानावरच ठरलेला असतो. एकतर कोल्हा, नाहीतर क्लायमेट चेंज. पुरावे मग सावकाश त्याच्या मापाचे शोधले जातात. अरे बाबांनो, जरा दम धरा.

आपल्याकडे हे बदक येत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. नराचं डोकं हिरवट आणि डोळ्याभोवती मोठं पांढरं वर्तुळ, अगदी चष्मा लावल्यासारखं. अलास्कातल्या युकॉन-कुस्कोकविम डेल्टामधे 1970 च्या दशकात यांच्या साधारण 48,000 जोड्या होत्या असा अंदाज आहे, 1992 पर्यंत 2,000 सुद्धा उरल्या नाहीत. म्हणजे 96 टक्के घट. 1993 मधे अमेरिकेने त्याला थ्रेटन्ड, म्हणजे धोक्यात आलेल्या प्रजातींच्या, यादीत टाकलं.

आता कोल्ह्याचं. टुंड्रात, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या थंड माळरानात, फिरताना फुटलेली अंडी दिसतात, कोल्हा दिसतो, कुरव पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात, म्हणून तेच डोक्यात बसतं. पण हा पक्षी बरीच वर्षं जगतो, मादी दोन-तीन वर्षांची झाल्यावर अंडी घालायला लागते आणि पुढे कितीतरी सीझन घालत राहते. एखाद्या वर्षी सगळी अंडी गेली तरी पुढच्या वर्षी भरून निघू शकतं, मोठी मादी मेली तर तिचे पुढचे सगळे सीझन गेले. म्हणून कोण मारतंय हे विचारायच्या आधी कुठल्या वयात मरतायत ते विचारा. मी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर अंडं, पिल्लू, उडायला लागलेलं पिल्लू, तरुण मादी, मोठी मादी असे टप्पे लिहितो, प्रत्येकापुढे जगण्याचं प्रमाण टाकतो आणि एकेक आकडा थोडा खाली करून बघतो. अर्धा तास लागतो. मोठ्या मादीचा आकडा हलवला की सगळं कसं कोसळतं ते स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कळत नाही, आणि नेमका हाच अर्धा तास कुणाला द्यायचा नसतो, सगळ्यांना थेट मॉडेल रन करायचं असतं.

डेल्टात मोठ्या माद्यांना काय मारत होतं? निदान एक उत्तर तरी पक्कं आहे, शिसं. शिकारीच्या काडतुसांमधले शिशाचे छर्रे वर्षानुवर्षं उथळ तळ्यांच्या चिखलात पडले होते, बदकं चिखल चाळताना ते गिळायची. 1990 च्या दशकातल्या अभ्यासात ज्या माद्यांच्या रक्तात शिसं सापडलं त्यांचं वर्षभर जगण्याचं प्रमाण 44 टक्के निघालं, बाकीच्यांचं 78 टक्के. इथे नवशिके हमखास दोन ठिकाणी आपटतात.

पहिलं म्हणजे सॅम्पल कधी घेतलं. मागे एक ड्राफ्ट आला होता, दिसायला एकदम चकाचक, रंगीत ग्राफ वगैरे, आणि निष्कर्ष काय तर शिशाचा प्रश्न आता संपला. मी विचारलं पक्षी कधी पकडले, तर म्हणे वसंतात, आल्या आल्या, कारण तेव्हा पकडायला सोपे पडतात. अरे, समुद्रावरून नुकतंच आलेलं बदक, त्याने अजून तळ्यात चोच बुडवली नाही, त्याच्या रक्तात कुठून येणार शिसं! माद्या तिथे अंडी उबवतात, मग पिल्लं घेऊन त्याच तळ्यांमधे आठवडेच्या आठवडे फिरतात, सीझन जसा पुढे जातो तसं रक्तातलं शिसं वाढतं. शिवाय त्या ड्राफ्टमधले निम्मे पक्षी नर होते, जे मादी उबवायला बसली की थोड्याच दिवसांत समुद्राकडे सटकतात. मी त्याला एवढंच म्हटलं की पिल्लंवाल्या माद्या पकड आणि मग बोल. त्याने नाराज होऊन परत मेल केला नाही. बरं, एक्स-रेवर विसंबून राहायचं तर पोटातला छर्रा काही आठवड्यांत झिजतो नाहीतर बाहेर पडतो, म्हणून एक्स-रे कोरा आला तरी रक्त तपासाच.

दुसरं म्हणजे बंदी आली म्हणजे विषय संपला असं धरून चालणं. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत. पण डेल्टातल्या तळ्यांमधे मुद्दाम छर्रे टाकून बघितलं तेव्हा दहा वर्षांनंतरही काही छर्रे चिखलाच्या वरच्या थरातच होते, बदकाची चोच पोचेल इतके वर. तेव्हा कायदा कधी आला ते लिहाच, पण चिखल चाळणीतून काढून छर्रे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजणीबद्दल. विमानातून मोजतात तेव्हा तपकिरी मादी गवतात दिसतच नाही, मोजला जातो तो पांढरा-काळा नर, आणि एकटा नर दिसला की एक जोडी धरतात. आता बर्फ लवकर वितळलं किंवा धुक्यामुळे विमान उशिरा उडालं तर नर निघून गेलेले असतात आणि तुमच्या ग्राफमधे घट दिसते, जी झालेलीच नाही. एका मीटिंगमधे असाच एक खड्डा दाखवून मोठं भाषण झालं होतं, शेवटी कुणीतरी बर्फ वितळल्याची तारीख विचारली आणि सगळे गप्प. माझ्या शीटमधे मोजणीच्या तारखेशेजारी बर्फ वितळल्याची तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव हे दोन कॉलम असतातच. माणूस बदलला की आकडा बदलतो.

"तिथली बदकं दुसरीकडे गेली असतील" हे लिहू नका. माद्या जन्मल्या त्याच भागात परत येतात, फिरतात ते नर, कारण जोड्या हिवाळ्यात समुद्रावर जमतात.

हिवाळ्याचं म्हणाल तर ही बदकं तेव्हा कुठे जातात हेच 1995 पर्यंत माहीत नव्हतं, सॅटेलाइट ट्रान्समीटर लावल्यावर बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला, बर्फातल्या फटींमधे लाखोंनी बसलेली सापडली. डेल्टा, अलास्काचा उत्तर किनारा आणि आर्क्टिक रशिया, तिन्हीकडची बदकं तिथेच येतात. म्हणून एकाच ठिकाणची वस्ती भयानक घसरली असेल तर मी आधी त्या ठिकाणचीच कारणं बघतो, समुद्र नंतर. पण समुद्र सोडून द्यायचा असंही नाही, तळाशी शिंपल्यांच्या जाती बदलल्यात, आणि इतक्या खोल बुड्या मारून कमी पोषणाचा शिंपला मिळाला तर बदकाला परवडत नाही. आणि बर्फाचा संबंध बघताना सरळ रेष ओढू नका. फार बर्फ असलं तरी जगण्याचं प्रमाण घटतं आणि फार कमी असलं तरी घटतं, सरळ रेषेत या दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात आणि तुम्ही लिहिता "परिणाम नाही".

मेलेली बदकं सापडली नाहीत म्हणजे मेली नाहीत असं नसतं, आजारी पक्षी आडोशाला जातो आणि उरलंसुरलं कोल्हा संपवतो.

डेल्टातल्या मूळ रहिवासी युपिक लोकांच्या गावांमधे जाऊन फॉर्म भरून घेऊ नका, बसा, चहा घ्या, कुठल्या तळ्यावर पूर्वी किती दिसायची ते ऐका. पहिल्याच भेटीत काडतुसांबद्दल विचारलंत तर पुढे कुणी बोलणार नाही.

आणि घरट्याजवळ रेंगाळणं बंद करा, मादी उठली की कुरव बघतच असतात. अंडी पटकन मोजायची, तिच्याच मऊ पिसांनी झाकायची आणि निघायचं, फोटो पुढच्या घरट्यावरही काढायचे नाहीत. तुमच्यामुळे गेलेली अंडी तुमच्याच डेटात कोल्ह्याच्या नावावर पडतात, म्हणून प्रत्येक भेटीची वेळ लिहून ठेवा आणि जास्त वेळा बघितलेली घरटी जास्त फुटली का ते तपासा.