मार्चमधली द्राक्ष काढणी : मण्याच्या आतले तापमान मोजल्याशिवाय कंटेनर भरू नका

फेब्रुवारी सरला की नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यात दुपारचा पारा ३४-३५ अंशांवर जातो, पहाटे मात्र गारवा असतो. त्यामुळे सकाळी सातला तोडलेला मणी १६-१८ अंशांचा भरतो आणि अकराला तोडलेला २८ च्या पुढे जातो. युरोपला निघालेल्या मालाचे नुकसान याच चार तासांत ठरते. छाटणीपासून काढणीपर्यंत फवारणीवर पाण्यासारखा पैसा ओतलेला माल शेवटी क्रेटमध्ये बांधावर, गाडीची वाट पाहत, उन्हात पडून राहतो. पुढे महिन्याभराने रॉटरडॅमहून क्लेम (नुकसानभरपाईचा दावा) येतो : देठ तपकिरी, मणीगळ, बुरशी. दोष औषधाला दिला जातो, जहाजाला दिला जातो. क्रेट उन्हात किती वेळ होते, हे कोणी विचारत नाही.

रिफर (शीत) कंटेनर माल गार करायचे यंत्र नाही. आत गेलेला माल ज्या तापमानाचा असेल तो तसाच टिकवून धरायला ते बनवलेले असते. एक साधा हिशेब करून पाहा. ४० फुटी कंटेनरमध्ये १३ टन द्राक्षे आहेत आणि ती शून्याऐवजी १० अंशांवर भरली. त्या १० अंशांची उष्णता म्हणजे जवळपास १३० युनिट वीज. ती बाहेर काढायची, तीही बंद लायनरच्या (पेटीतल्या प्लास्टिक पिशवीच्या) आतून, कारण कंटेनरमधली हवा खालच्या टी-फ्लोअरमधून (खाचांच्या तळातून) येऊन पेट्यांच्या फटींतून वर जाते, पेटीच्या आरपार जात नाही. मधल्या पॅलेटवरचा माल थंड व्हायला काही दिवस लागतात. तोवर त्याच्या अंगची वाफ लायनरवर घाम होऊन बसते, घाम पेटीतल्या बुरशीरोधक पॅडवर टपकतो आणि पॅडमधला सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो. देठाजवळचे मणी पांढरे पडतात. एवढे होऊनही पॅडची ताकद आधीच संपलेली असल्यामुळे प्रवासाच्या शेवटी ग्रे मोल्डला रान मोकळे मिळते. ही बुरशी शून्य अंशालाही मरत नाही, फक्त हळू वाढते.

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बहुतेक जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागली आणि प्रवास १०-१५ दिवसांनी लांबला. पूर्वी निभावून जाणारी चूक त्या वाढीव दिवसांत उघडी पडते. जहाज कोणत्या मार्गाने जाणार, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

काढणीच्या दिवशी एवढे करा :

- पहाटे उजाडताच सुरुवात, दहाच्या आत तोड बंद. ढगाळ दिवस असला तरी मण्यात थर्मामीटरचा काटा घालून तापमान बघा. २० अंशांच्या वर गेले की थांबा.
- गोडी किमान १६ ब्रिक्स. लांबच्या प्रवासाला १७-१८ चा माल चांगला.
- दव पडले असेल तर ते सुकल्याशिवाय घड तोडू नका.
- क्रेट आदल्या दिवशी धुवा : १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट लिटरला २ मिली, म्हणजे २०० पीपीएम. नंतर साध्या पाण्याने धुवून सुकवा.
- क्रेट वेलीच्या सावलीतच ठेवा, वर ओलसर गोणपाट अंथरा. ते घडाला टेकू देऊ नका.
- तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंत (पॅकहाऊसमध्ये थंड हवेने माल गार करणे) जास्तीत जास्त ४ तास. यात गाडीची वाट पाहणे, पॅकिंग, चहा, सगळे आले.

माल वेळेत पोचतो की नाही, हे कळायला फुकटातला उपाय आहे. बागेत एक क्रेट वजन करून त्यावर खूण करा आणि पॅकहाऊसच्या दारात तेच क्रेट पुन्हा तोला. १० किलोत २०० ग्रॅम घट आली तर ती २ टक्के झाली, आणि तेवढ्या घटीला देठ तपकिरी पडायला लागतो. तो त्या दिवशी हिरवाच दिसेल. रंग आठवड्याने फिरतो आणि मग परत येत नाही. आमचा अनुभव असा की देठ बोटात वाकवल्यावर कट् न होता लवचीक वाकला, की तो माल स्थानिक बाजाराला द्यावा, कंटेनरात घालू नये.

प्रीकूलिंगमध्ये लायनर उघडा ठेवून पेट्या लावा, पेट्यांची भोके एकमेकांसमोर आणा आणि वरची ताडपत्री फटी न ठेवता ओढा. हवा सोपी वाट शोधते. एक फट राहिली की ती मालातून न जाता तिथून पळते. मण्याच्या आतले तापमान २ अंशांच्या खाली यायला साधारण ६ ते ८ तास लागतात. खोलीचा डिस्प्ले शून्य दाखवतो म्हणून सहाव्या तासाला माल बाहेर काढणारे पॅकहाऊस आपल्याकडे बरेच आहेत. डिस्प्ले हवेचे तापमान सांगतो. काटा मण्यात घाला, तोही मधल्या रांगेतल्या मधल्या पेटीत. त्यानंतरच पॅड ठेवा, लायनर मिटा आणि माल शून्य अंश, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये घ्या.

कंटेनर भरताना :

- पीटीआय (भरण्याआधीची कंटेनर-तपासणी) झाल्याचा कागद बघा, आत वास व ओल नको.
- सेटपॉइंट (युनिटवर लावलेले तापमान) स्वतः वाचा. द्राक्षाला शून्य किंवा उणे ०.५. उणे १.५ कोणी सुचवले तर ऐकू नका, देठ आधी गोठतो. अधिक-उणेच्या चुकीने आजवर पुष्कळ माल गेला आहे.
- ताज्या हवेची झडप द्राक्षासाठी सहसा बंद ठेवतात.
- डॉक (माल चढवायची जागा) बंदिस्त नसेल तर रिकामा कंटेनर आधी गार करू नका, भरताना युनिट बंद ठेवा. नाहीतर बाहेरची दमट हवा आत जाऊन भिंतीवर पाणी आणि कॉइलवर बर्फ धरते.
- कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या (भरायच्या मर्यादेच्या) वर पेटी नको. दाराजवळचा उघडा टी-फ्लोअर पुठ्ठ्याने झाका.
- डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारी यंत्रे) दोन : एक मध्ये, एक दाराशी.
- न्हावा-शेवापर्यंत जेनसेट (कंटेनरला वीज देणारा डिझेल जनरेटर) चालू. डिझेल किती आहे ते निघण्याआधी बघा.

अवकाळीचा अंदाज असेल तर तयार माल आधी काढा, पण पाऊस पडून गेल्यावर घाई नको. मण्याला केसासारखे तडे जातात, ते डोळ्याला दिसत नाहीत. दोन कोरडे, वाऱ्याचे दिवस जाऊ द्या. मग चार-पाच घड प्लास्टिक पिशवीत बांधून रात्रभर उबदार खोलीत ठेवा. सकाळी पिशवीच्या तळाला रस दिसला तर ती बाग जहाजाला लावू नका. काढणीच्या तोंडावर भरमसाट पाणी देऊन वजन वाढवायचा मोहही टाळा, तोच मणी पहिला फुटतो.

या दिवसांत दुकानदार देठ हिरवा ठेवणारी, मण्याला चकाकी आणणारी, टिकवणक्षमता वाढवणारी बाटली हातात देतो. लेबलवर घटक नीट लिहिलेले नसतील तर ती बागेत आणू नका. उन्हात राहिलेल्या क्रेटचे नुकसान कोणतीही बाटली भरून काढत नाही, आणि अवशेष सापडला तर अख्खा कंटेनर अडकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, ते बागायतदार विसरलेले नाहीत. बाटलीच्या पैशांत चांगला काटेरी थर्मामीटर आणि दोन शेडनेट येतात.

इतर मालाचे आकडे : डाळिंब ५ अंश, केळी १३.५ (१३ च्या खाली साल काळवंडते), गोठवलेला मटार व मका उणे १८. नियम तिथेही तोच आहे. उणे १० चा मटार भरला तर कंटेनर तो वेळेत उणे १८ ला नेत नाही.

स्टफिंगच्या (कंटेनर भरण्याच्या) वेळी पुढच्या, मधल्या आणि दाराजवळच्या तीन पेट्यांतले मण्याचे तापमान वहीत लिहा. तारीख, वेळ आणि कंटेनर नंबर घाला, पॅकहाऊसच्या माणसाची सही घ्या, काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढा. क्लेम आला तर लॉगरचा पूर्ण आलेख मागा आणि या वहीशी जुळवून बघा. माल दारातच गरम होता की वाटेत झाला, ते पहिल्या बारा तासांच्या रेषेत दिसते.