शिवारात पत्र्याची शेड उभारण्यापूर्वी

ट्रॅक्टर, कडबा आणि चार जनावरे एका छपराखाली यावीत, या हिशेबाने शेडचा विचार सुरू होतो आणि फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न विचारला जातो तो चौरस फुटाच्या दराचा. आमच्या वाळवा तालुक्यात तरी त्याआधी जमिनीला विचारावे लागते. कृष्णाकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. या फुगण्या-आकसण्यात उथळ रोवलेला खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो, कैची (छपराचा भार पेलणारा त्रिकोणी लोखंडी सांगाडा) ताणली जाते आणि पत्र्यांची बोल्टाची भोके रुंदावून छप्पर गळू लागते.

म्हणून लोखंडाची मागणी नोंदवण्यापूर्वी शेडच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. तो चार-पाच फुटांवर लागला, तर खांब मुरमापर्यंत न्यावा. त्याहून खोल असला, तर पायाची रचना अभियंत्याकडून ठरवून घ्यावी, कारण इथे वाचवलेले पैसे पुढे पत्र्यांत जातात. निघालेली काळी माती पुन्हा खांबाभोवती लोटू नये. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर सहा इंच काढून चोहोबाजूंनी उतरता करावा. लोखंडी पाइप बहुधा मातीलगतच गंजतो, आणि गोठ्यात तर गोमूत्राची भर पडते. जत, आटपाडी किंवा माण भागात मुरूम वरच लागत असल्याने ही चिंता कमी असते.

नदीकाठच्या गावांनी आणखी एक उंची मोजावी. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. गावातील भिंतींवरच्या पुराच्या खुणेशी शेडची जागा ताडून पाहावी. तेवढा भराव परवडण्यासारखा नसेल, तर जनावरे कोणत्या बाजूने आणि कोणत्या रस्त्याने बाहेर काढायची, एवढे तरी दार ठरवण्यापूर्वी निश्चित करावे.

दाराच्या बाबतीत आम्ही स्वतःच चुकलो. रस्ता सोयीचा म्हणून पहिल्या शेडचे तोंड नैऋत्येला ठेवले आणि पहिल्याच आषाढात झडीने मागच्या भिंतीपर्यंतचा कडबा भिजून काळा पडला. पावसाची बाजू बंद ठेवणे हे त्यावरचे उत्तर खरे, पण तीन बाजू बंद आणि एक उघडी अशी शेड वळवाच्या वाऱ्याला आत कोंडते, आणि कोंडलेला वारा छप्पर खालून उचलतो. पत्रा उडतो तो असा. त्यामुळे कैची खांबाला आणि खांब काँक्रीटला कसा जखडणार, हे फॅब्रिकेटरकडून कागदावर काढून घ्यावे व बंद भिंतींच्या माथ्याशी वारा निघून जायला फट ठेवावी.

मापे ठरवताना लोखंडी पाइप साधारणपणे २० फुटांच्या लांबीत मिळतो, हे ध्यानात ठेवावे. २० फूट रुंद आणि ४० फूट लांब शेडला दहा-दहा फुटांवर खांब घेतले, तर एका बाजूला पाच खांब येतात आणि तुकडे कमी वाया जातात. २३ फुटांचा हट्ट धरला, तर जोड आणि भंगार दोन्ही वाढतात. मग जागेवर फक्कीने आखणी करावी. दोन्ही कर्ण ४४ फूट साडेआठ इंच भरले, तर चौकट गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. त्या रेषांमध्ये ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर प्रत्यक्ष आणून वळवून पाहावा. कागदावर ऐसपैस वाटणारी जागा ट्रॉली मागे घेताना किती अपुरी पडते, ते तेव्हाच कळते. वरून विजेची तार जात असेल, तर जागा बदलावी.

सातबारा सामाईक असेल, तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. बांधाच्या खुणेबद्दल शंका असेल, तर मोजणी करून घ्यावी आणि पागोळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या रानात पडणार नाही एवढे अंतर सोडावे. वरच्या मापाच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ३७ हजार लिटर पाणी उतरते, तेव्हा पन्हळ आणि टाकीची जागा याच वेळी आखावी. ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करावी, आणि गोठ्याला अनुदान मिळवायचे असेल, तर मंजुरी हातात येईपर्यंत कुदळ मारू नये.

काम दिवाळीनंतर धरावे, म्हणजे वळवाआधी छप्पर चढते. मात्र ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉली आणि माणसे दोन्ही अडकलेली असतात आणि शिवारातील वीज पाळीने येते. म्हणून कैच्या वर्कशॉपमध्येच वेल्डिंग करून आणाव्यात आणि जागेवर फक्त बोल्ट आवळण्याचे काम राहील असे ठरवून घ्यावे.