कर्मचारी सर्वेक्षणाचा फॉर्म कामगारांपर्यंत कसा पोहोचवावा

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कर्मचारी सर्वेक्षणाचे भरून आलेले फॉर्म मोजण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका लाइनचा गठ्ठा सोडला तेव्हा दिसले की त्यातल्या प्रत्येक फॉर्मवर वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात, म्हणजे ‘समाधानी’ या शब्दाखाली, खुणा होत्या. चौकशी केल्यावर कळले की पाळी सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांच्या बैठकीत सुपरवायझरने फॉर्म वाटले, तिथेच उभे राहून भरून घेतले आणि स्वतःच्या हाताने गोळा केले. प्रश्नावली तयार करायला दोन महिने लागले होते आणि ती वाटायची कशी याचा विचार मात्र आदल्या संध्याकाळी झाला होता. फॉर्म कोणाच्या हातून येतो आणि कोणाच्या हाती परत जातो, यावरूनच कामगार ठरवतो की खरे लिहायचे की नाही. म्हणून वाटपाची आखणी प्रश्नांच्या बरोबरीने, किंबहुना आधी, करावी. पुढील मार्गदर्शन तीन पाळ्यांत चालणारा, कायम आणि कंत्राटी असे दोन्ही प्रकारचे कामगार असलेला, एखाद्या एमआयडीसीतील मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

आधी यादी

फॉर्म किती जणांना द्यायचा आहे, हा आकडा पक्का नसेल तर नंतर ‘किती टक्के लोकांनी भरला’ या आकड्याला अर्थ राहत नाही. टाइम ऑफिसच्या मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, यादी घ्यावी आणि तीत कोण राहून गेले आहे ते मुद्दाम तपासावे. ठेकेदाराकडून आलेले कामगार, शिकाऊ उमेदवार, सुरक्षा रक्षक, साफसफाईचे आणि कँटीनचे लोक, ग्राहकाच्या कारखान्यात बसणारे सर्व्हिस इंजिनिअर, प्रसूती रजेवर असलेल्या महिला हे हमखास सुटतात. कंत्राटी कामगारांना घ्यायचे की नाही हा निर्णय व्यवस्थापनाचा आहे. पण एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच फॉर्म मिळाला, तर दुसऱ्याला त्याचे मत विचारले गेलेले नाही हे दिसतेच. माझे मत त्यांना घ्यावे असे आहे.

निनावी की गोपनीय

हे दोन शब्द कचेरीत एकाच अर्थाने वापरले जातात आणि तिथेच घोळ होतो. निनावी सर्वेक्षणात उत्तर कोणाचे आहे हे कोणालाच कळू शकत नाही. गोपनीय सर्वेक्षणात ते कोणाला तरी कळते, पण तो ते सांगत नाही. कर्मचाऱ्याच्या ईमेलवर फक्त त्याच्यासाठी तयार झालेली लिंक पाठवली तर ते सर्वेक्षण गोपनीय झाले, निनावी नव्हे. मग पत्रावर ‘निनावी’ असे छापू नये. माध्यम निवडण्याआधीच हे ठरवावे लागते, कारण प्रत्येक माध्यमात ओळख उघड होण्याची वाट वेगळी असते.

गुगल फॉर्म्समध्ये प्रत्येकाला एकच उत्तर देता यावे असा पर्याय चालू केला की भरणाऱ्याला गुगल खात्यात शिरावे लागते. ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद असेल तर पत्ता तुमच्याकडे येत नाही हे खरे. पण फॉर्मच्या माथ्यावर स्वतःचा ईमेल पत्ता दिसल्यावर कामगार ती तांत्रिक बाब तपासत बसत नाही, तो फॉर्म बंद करतो. हा पर्याय बंद ठेवला तर कोणी दोनदा भरेल ही भीती त्यापुढे लहान आहे. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये फॉर्म फक्त संस्थेतील लोकांसाठी ठेवला असेल तर नाव नोंदवण्याचा वेगळा पर्याय असतो. तो बंद आहे ना, हे दुसऱ्या कोणाच्या तरी लॉगिनमधून फॉर्म उघडून आणि एक चाचणी उत्तर पाठवून स्वतः पाहावे.

नाव न विचारताही माणूस ओळखता येतो. विभाग, वय, नोकरीची वर्षे आणि लिंग हे चार प्रश्न एकत्र विचारले तर पेंट शॉपमधल्या एकुलत्या एक महिलेचा फॉर्म तिची सही असल्यासारखाच असतो. अशा प्रश्नांपैकी एक किंवा दोनच ठेवावेत. ज्या गटातून पाचपेक्षा कमी उत्तरे आली त्या गटाचा निकाल वेगळा काढायचा नाही, असे अनेक ठिकाणी ठरलेले असते. लहान कारखान्यात मी ही मर्यादा दहावर नेईन आणि ती फॉर्मच्या पहिल्या पानावर छापेन.

कचेरीत बसणाऱ्यांसाठी

ज्यांच्यासमोर दिवसभर संगणक असतो त्यांच्यासाठी ईमेल पुरेसा आहे, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. पत्र कारखाना प्रमुखाच्या नावाने जावे, विषयाच्या ओळीत शेवटची तारीख असावी आणि भरायला किती मिनिटे लागतील तो आकडा खरा असावा. लिंक बाहेरच्या संकेतस्थळाची असेल तर आदल्या दिवशी आयटी विभागाकडून सर्वांना तसे कळवावे, कारण अनोळखी लिंक उघडू नये हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेले असते.

शॉप फ्लोअरसाठी

खरी कसोटी इथे, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालते त्या जागी, आहे. बहुतेक कामगारांना कंपनीचा ईमेल नसतो आणि अनेक ठिकाणी मोबाईल गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मशीनशेजारच्या खांबावर लावलेला क्यूआर कोड अशा वेळी शोभेपुरताच राहतो.

क्यूआर कोड वापरायचाच असेल तर तो फोन हातात असतो तिथे लावावा : गेटच्या बाहेरचा फलक, पार्किंग, कंपनीच्या बसमधील सीटची पाठ, कँटीन. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला होता, म्हणजे मूळचा तो कारखान्यातलाच आहे, आणि कारखान्यातली धूळ-तेल सोसण्याची सोय त्यात आहे. कोड तयार करताना चूक-दुरुस्तीची ‘एच’ ही सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी त्याची रुंदी ठेवावी, म्हणजे दोन मीटरवरून वाचायच्या फलकासाठी वीस सेंटिमीटर. चारही बाजूंचा पांढरा समास सजावटीसाठी भरून टाकू नये. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, म्हणून मॅट कागद बरा. फलक लावून झाल्यावर सर्वांत जुना आणि स्वस्त फोन असलेल्या एखाद्या सहकाऱ्याकडून तो तिथेच, रात्रपाळीच्या उजेडात, वाचून घ्यावा.

व्हॉट्सॲप सर्वांकडे असते म्हणून विभागाच्या ग्रुपवर लिंक टाकण्याचा मोह होतो. त्या ग्रुपवर सुपरवायझर असतो, कोणी काय म्हटले ते सगळ्यांना दिसते, आणि ‘भरला सर’ असे लिहून अंगठा दाखवण्याची चढाओढ सुरू होते. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी, तीत एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो. मात्र एका यादीत २५६ क्रमांकच बसतात आणि ज्याने तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला संदेश पोहोचत नाही. एसएमएस पाठवायचा असेल तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील लिंकही आधी मंजूर करून घ्यावी लागते, तेव्हा ही कामे सर्वेक्षणाच्या बऱ्याच आधी हाती घ्यावीत. देवनागरीतील एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी वेगळी मोजली जाते. ‘सर्व कर्मचारी बंधू-भगिनींना कळविण्यात येते की’ इथपर्यंतच निम्म्याहून अधिक जागा संपते.

कँटीनमध्ये टॅब्लेट ठेवणे चांगले दिसते, पण दुपारच्या सुट्टीत रांगेतला मागचा माणूस पडद्याकडेच पाहत उभा असतो. टॅब्लेट ठेवला तर भिंतीकडे पाठ करून बसता येईल असा ठेवावा, एकाचा फॉर्म पाठवून होताच पडदा कोरा व्हावा अशी सोय करावी, आणि अर्ध्या तासाच्या सुट्टीत एका टॅब्लेटवर किती जण बसू शकतील याचा हिशेब आधीच मांडावा. दहा मिनिटांचा फॉर्म असेल तर उत्तर तीन येते.

म्हणूनच कागद अजून टिकून आहे, आणि नीट राबवला तर तो सर्वांत विश्वासाचा ठरतो. कागदी फॉर्मवर फक्त खुणा करायच्या असाव्यात. ज्याला लिहायचे आहे त्याच्यासाठी शेवटी वेगळी चिठ्ठी ठेवावी, कारण हस्ताक्षर ओळखले जाईल ही धास्ती फार जुनी आहे. टेबलावर एकाच रंगाचे पेन ठेवावेत, म्हणजे हिरव्या शाईवरून कोणी कोणाला ओळखणार नाही. कोणी फॉर्म दिला आणि कोणी नाही हे पाहायचेच असेल तर टपाली मतदानाची पद्धत उचलावी : फॉर्म कोऱ्या पाकिटात, ते पाकीट टोकन नंबर (कामगाराचा क्रमांक) लिहिलेल्या मोठ्या पाकिटात, बाहेरच्या पाकिटावरून यादीत खूण करायची, ते बाजूला काढायचे, आणि आतली पाकिटे एकमेकांत मिसळल्यावरच उघडायची.

भरलेले फॉर्म टाकायची पेटी एचआरच्या केबिनबाहेर नको आणि सीसीटीव्हीच्या टप्प्यात तर मुळीच नको. कँटीनमध्ये ताटे ठेवायच्या जागेजवळ ती असली की येता-जाता प्रत्येकाचा हात तिथपर्यंत पोहोचतोच. कुलपे दोन असावीत, एक किल्ली एचआरकडे आणि दुसरी कामगार प्रतिनिधीकडे. युनियन असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना आधी प्रश्नावली दाखवावी. ‘हे वेतनकरारासाठी माहिती काढत आहेत’ अशी कुजबुज एकदा सुरू झाली की कोणताही फलक तिला पुरा पडत नाही.

भाषा

मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन प्रती बहुतेक ठिकाणी लागतात. लाइनवर ओडिशा किंवा बिहारमधून आलेले किती जण आहेत त्यावर प्रतींची संख्या ठरवावी. इंग्रजीवरून उतरवलेला ‘मी माझ्या कामाशी भावनिकदृष्ट्या जोडलेला आहे’ असा प्रश्न मोठ्याने वाचून पाहिला की तो का चालणार नाही ते लगेच कळते. ‘अडचण आली तर सुपरवायझर ऐकून घेतो का?’ हे सगळ्यांना समजते. वाटपाआधी दहा-बारा जणांकडून फॉर्म भरून घ्यावा आणि ते कुठे थांबतात ते पाहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फॉर्म वाचून दाखवणारा माणूस त्यांच्या विभागाबाहेरचा असावा, आणि खूण त्यांनी स्वतः करावी.

वेळ

बोनसची चर्चा, वेतनकराराची बोलणी, पगारवाढीची पत्रे आणि महिनाअखेरची डिस्पॅचची धावपळ हे दिवस टाळावेत. गणपती आणि दिवाळीच्या आसपास निम्मे लोक गावी असतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असणारे अनेक कारखाने आहेत, तिथे बुधवारी संध्याकाळी शेवटची मुदत ठेवणे म्हणजे घरी निघालेल्या माणसाला अडवणे. पाळ्या आठवड्याने बदलत असतील तर फॉर्म किमान दोन आठवडे खुला ठेवावा, म्हणजे रात्रपाळीचा माणूस एकदा तरी दिवसा येतो. फॉर्म भरण्याची वेळ कामाच्या तासांत धरावी. सुट्टीतली पंधरा मिनिटे मागितली तर उत्तरेही घाईत वरवर खुणा केलेली मिळतात.

आठवण दोनदा पुरे, आणि ती सर्वांना सारखी द्यावी. निनावी म्हटलेल्या सर्वेक्षणात ‘तुमचा फॉर्म आलेला नाही’ असे एकट्या माणसाला सांगितले की सगळे संपले. शंभर टक्के फॉर्म देणाऱ्या विभागाला मिठाई वाटण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण त्या मिठाईसाठी सुपरवायझर पुन्हा पेन घेऊन उभा राहतो.

फॉर्मच्या शेवटी दोन गोष्टी छापाव्यात. सर्वेक्षण म्हणजे तक्रार अर्ज नव्हे. लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते, म्हणून समितीतील सदस्यांची नावे आणि क्रमांक तिथेच असावेत. दुसरे म्हणजे निकाल कोणत्या तारखेला सूचना फलकावर लागेल ते लिहावे, आणि त्या तारखेला तो लावावा.

मुदत संपली की दोन्ही किल्लीधारकांसमोर पेटी उघडून फॉर्म मोजावेत, छापलेले, वाटलेले, परत आलेले आणि उरलेले यांचा मेळ घालून कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि उरलेले कोरे फॉर्म त्याच वेळी फाडून टाकावेत. त्याच दिवशी गेटवरचे आणि बसमधले क्यूआर कोडही उतरवावेत. नाहीतर पुढच्या महिन्यात रजेवरून परतलेला कोणी तरी तो कोड वाचतो आणि त्याला ‘आता उत्तरे स्वीकारली जात नाहीत’ एवढेच दिसते.