स्कॅनचा फोटो नको, मूळ फाइल मागा
सीटी किंवा एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून दुसऱ्या डॉक्टरांना पाठवता? त्यातून त्यांना फारसं काही कळत नाही. सीटीच्या मूळ प्रतिमेत साधारण 4096 करड्या छटा असतात, साध्या जेपीईजीत, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या फोटोत, जेमतेम 256. शिवाय शेकडो स्लाइसपैकी (शरीराच्या पातळ छेदांच्या प्रतिमांपैकी) निवडकच फिल्मवर छापलेल्या असतात. म्हणून रेडिओलॉजी विभागाकडून ‘डायकॉम’ फाइलच, म्हणजे स्कॅनच्या मूळ प्रतिमांची फाइल, मागून घ्या. सीडी, पेनड्राइव्ह, काहीही चालेल. कॉपी करताना अख्खा फोल्डर जसाच्या तसा घ्या. सुट्या फाइल उचलल्या की व्ह्यूअर, म्हणजे स्कॅन उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, रुसू शकतं. लिंक मिळाली तर लगेच डाउनलोड करा, तिला बहुधा मुदत असते. आणि हो, रुग्णाचं नाव, जन्मतारीख फाइलच्या आतच नोंदलेली असते. नुसतं फाइलचं नाव बदलून ही माहिती पुसली जात नाही.