लोणावळा ते कोंदिवडे: निघण्याआधीची तयारी

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची किल्ल्याच्या कुशीतली उधेवाडी गाठायची आणि पलीकडच्या रानातून कोंदिवड्याला उतरून कर्जतला गाडी पकडायची, ही पायपीट हिवाळ्यात एका दिवसात होते. तयारी करताना मात्र बहुतेक जण पहिला टप्पाच डोळ्यांसमोर ठेवतात. पंधरा-सोळा किलोमीटरची ती कच्च्या रस्त्याची वाट लांब असली तरी फारशी दमवत नाही. खरा कस लागतो तो जेवणानंतर, कोंडाणे लेण्यांकडे उतरणाऱ्या दगडगोट्यांच्या पायवाटेवर. म्हणून तयारी उतरणीची करावी.

सुरुवात पायांपासून व्हावी. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखे कापावीत, कारण उतारावर प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो. माझ्या अंगठ्याचे काळेनिळे नख पडून नवे येईपर्यंत काही महिने गेले आणि तेव्हापासून हे काम मी यादीत सर्वांत वर लिहितो. बूट नवे नसावेत, तळव्याच्या खाचा झिजलेल्या नसाव्यात आणि उधेवाडीतून निघताना नाड्या सोडून घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधाव्यात, म्हणजे पाऊल आत पुढे सरकत नाही. मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवावा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी काठी घ्यावी; यात कसला आला कमीपणा?

पाणी माणशी तीन लिटर घ्यावे. वाटेत खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, दशम्या आणि लिंबू पुरेसे होते. वेफर्सची पाकिटे तहान वाढवतात आणि त्यांचा कचराही आपल्यालाच परत आणावा लागतो. उधेवाडीत घरगुती जेवण मिळते, परंतु किती माणसे येणार हे आदल्या दिवशीच फोन करून कळवावे, कारण ऐनवेळी दहा जणांच्या भाकऱ्या थापायला लावणे हे यजमानावर अन्याय करण्यासारखे आहे. रेंजचा भरवसा नसल्याने पैसे रोख आणि सुटे असावेत.

वेळेचे गणित कागदावर मांडून ठेवावे. सकाळी सहाला चालायला लागल्यास अकराच्या आत गाव येते. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांचा मोह आवरून एकच, शक्यतो उंच असलेला श्रीवर्धन, पाहावा आणि दोन वाजता उतरायला लागावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दाट झाडीत अंधार त्याआधीच पडतो. प्रत्येकाकडे स्वतःची, डोक्याला बांधायची विजेरी हवी. मोबाइलचा दिवा हा तिला पर्याय नव्हे, कारण उतरताना हात मोकळे लागतात. खाली जाणारी वाट गावातल्या जाणत्या माणसाकडून नीट समजून घ्यावी, किंवा त्यालाच मोबदला देऊन सोबत न्यावे.

सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तेव्हा उग्र अत्तर घरीच ठेवावे आणि वाटेत धूर करू नये. फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम व नेहमीची औषधे घ्यावीत. कोंदिवड्यात बूट उतरवल्यावर घालायच्या सपाता मात्र पिशवीत अगदी वर ठेवाव्यात.