भंडारदऱ्याकडे होमस्टेला जाताय? मग या चुका टाळा

रतनवाडी, साम्रद, घाटघर, शेंडी... भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवतीच्या या गावांत मी बरीच वर्षं माणसं घेऊन जातोय. कधी ऑफिसचा ग्रुप, कधी बहिणीच्या सोसायटीतली मंडळी, कधी नुसते मित्र. ग्रुप बदलतो पण चुका त्याच, आणि दर वेळी त्या निस्तरतं कोण तर त्या घरातली बाई. म्हणून आज सगळं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक: आठ जण सांगून तेरा जण येणं, आणि सातला पोहोचतो म्हणून दहाला टपकणं. लोकांना वाटतं त्यात काय, पाच ताटं जास्त. आता एक भाकरी कशी होते ते एकदा चुलीजवळ बसून बघा. नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढायची, ती चटके बसत असतानाच मळायची, नाहीतर थापताना कडेला चिरा पडतात. मग थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवायची. एका भाकरीला तीन-चार मिनिटं सहज जातात. तेरा जण, प्रत्येकी दोन, म्हणजे सव्वीस भाकऱ्या, म्हणजे दीड तास ती बाई धुरात. आणि आधी करून ठेवाव्या तर गार झाल्या की कडक होतात, तुम्हीच नाक मुरडणार.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात माझ्याच ग्रुपने हे केलं. घोटीला ढाब्यावर चहा म्हणून थांबले ते दीड तास हलले नाहीत, मागच्या गाडीत आयत्या वेळी पाच जण वाढले ते मला घोटी सोडल्यावर कळलं, आणि तिथून पुढे फोनला रेंज नाही. रतनवाडीत पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, चूल विझवून सगळे झोपायच्या तयारीत. एवढ्यावर भागलं असतं, पण एकाने ओसरीवर बसल्या बसल्या सांगितलं की चिकनच पाहिजे, पैसे देतोय ना. त्या घरातल्या मावशी काही बोलल्या नाहीत. काकांनी बॅटरी घेऊन खुराड्यातून दोन कोंबड्या काढल्या, मावशींनी परत चूल पेटवली. गावठी कोंबडी ब्रॉयलरसारखी वीस मिनिटांत शिजत नाही, सव्वा-दीड तास लागतो. साडेबारानंतर पंगत उठली, अर्ध्या लोकांनी तर झोप आली म्हणून ताटात तसंच टाकलं. मी पाणी प्यायला आत गेलो तर मावशी चुलीसमोर पाट घेऊन बसलेल्या, पातेल्याच्या बुडाचा करपट भात आणि त्यावर उरलेला रस्सा. पहाटे पाचला परत गोठ्यात त्यांचाच आवाज. मला ते आजही आठवलं की घास उतरत नाही.

तेव्हापासून माझं ठरलंय. गुरुवारी रात्री आकडा फायनल, त्यानंतर सख्खा भाऊ आला तरी गाडीत घेत नाही. पहिल्या रात्री फक्त पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. कोंबडी शनिवारी रात्री, ती पण दोन दिवस आधी सांगून. आणि घोटी सोडताना एक फोन, निघालो म्हणून. कोणाला हे जास्त कडक वाटत असेल तर त्याने रिसॉर्टला जावं, भंडारदऱ्याला तेही आहेत.

जेवणावरून अजून एक. तिथे जाऊन पनीर आणि मॅगी मागू नका हो. हुलग्याची शेंगोळी मागा, पावसाळ्यात गेलात तर रानभाजी मागा. भात कुठला आहे ते पण विचारा, या भागात काळभात, जिरवेल असली जुनी वाणं अजून काही घरांत लावतात. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि आपण तिथे जाऊन घरून आणलेला बासमती शिजवायला देतो. हे मी खरंच बघितलंय.

दुसरी चूक काजव्यांची, आणि यावर मी भांडायला पण तयार आहे. मेच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत सादडा, हिरडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे येतात. ते चमकणं म्हणजे नराने मादीला दिलेला इशारा असतो. पूर्ण वाढ झालेला काजवा थोडेच दिवस जगतो, तेवढ्यात मीलन झालं नाही तर पुढची पिढी नाही. आणि आपण काय करतो? झाडाखाली गाडी लावून हेडलाइट चालू, फोनचा फ्लॅश चालू, कोणीतरी बरणीत चार काजवे पकडून रील करतंय. एकदा माझ्या डोळ्यांसमोर एका गाडीने वळताना अप्पर मारला आणि अख्खं झाड विझलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत लुकलुकत होतं ते एकदम काळं. आमच्याबरोबर सहा वर्षांची एक मुलगी होती, ती विचारत होती की मेले का सगळे. अर्धा तास थांबलो तेव्हा कुठे खालच्या फांद्यांवर दोन-चार दिसायला लागले.

मी आता फोन घरातच ठेवायला लावतो. सगळ्यांत मिळून एकच बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद, तो झोत पण पायाशी. घरातल्या दादांच्या मागे पायवाटेने चालायचं आणि झाडापासून लांब, बांधावर गप्प बसायचं. पंधरा-वीस मिनिटांत डोळे सरावतात. झाडाखाली गवतात घुसायचं नाही, तिथे माद्या बसलेल्या असतात. शक्यतो अमावस्येच्या आसपास आणि मधल्या वारी जा, शनिवारी तिथे जत्रा असते. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याचं तिकीट आणि वेळ आधी विचारून घ्या, नाक्यावर हुज्जत घालू नका. फोटो नाही आला म्हणून हळहळणारे खूप भेटतात, पण अर्धा तास अंधारात नुसतं बसलेला एकही माणूस मला अजून नाराज दिसला नाही.

दोन दिवसांत सगळं उरकायची घाई. शनिवारी कळसूबाई, दुपारी सांदण दरी, रविवारी रतनगड, येताना हरिश्चंद्रगड पण करू म्हणे. अहो कळसूबाई १६४६ मीटर आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, शिड्या आहेत म्हणून सोपं होत नाही. रतनगडाला रतनवाडीतून चढायलाच तीन तास धरा, वर नेढ्यात, म्हणजे कड्याच्या आरपार भोकात, बसून वारा खायला वेळ ठेवा. एका वीकेंडला एकच मोठी चढाई, दुसऱ्या दिवशी अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघा, त्याचं कोरीवकाम घाईत कळत नाही.

सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही. नाही म्हणजे नाही. घळ अरुंद आहे, वरून पाणी आलं तर बाजूला सरकायला जागा नसते. गावातला माणूस आज नको म्हणाला तर विषय संपला.

धरणाच्या पाण्यात पोहू नका. काठ उथळ वाटतो पण खाली गाळ आहे.

रोख पैसे न्या, रेंज नसली की यूपीआय चालत नाही. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरा. स्पीकर घरी ठेवा. नवे कोरे बूट घालून ट्रेकला येणाऱ्यांच्या टाचा मी खूप बांधल्यात, महिनाभर आधी वापरून मोकळे करा.

पैशांवरून घासाघीस करू नका. माणशी ठरलेल्या पैशांत दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, झोपायची सोय आणि पहाटे अंघोळीला चुलीवर तापवलेलं पाणी असतं. ज्या खोलीत तुम्ही झोपता तिथे एरवी त्यांची पोरं झोपतात, तुम्ही आलात की ती माळ्यावर जातात. मी निम्मे पैसे आधी देतो, उरलेले निघताना मावशींच्याच हातात.

आणि रविवारी मुंबईला परतणाऱ्यांनी दुपारी दोनच्या आत निघा, संध्याकाळी कसारा घाट तुंबतो. पुणेकरांनो, तुम्ही राजूरवरून जाणार असाल तर तिथले पेढे घ्या.